नोटीस पोचली, पण कळली का? सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी

काही वर्षांपूर्वी मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मुख्याध्यापिका होते. विद्यार्थिवेतनाचं (शिष्यवृत्तीचं) सुत्तोले आलं, म्हणजे परिपत्रक. कानडीतली ती दोन पानं मी तशीच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि वर एक ओळ लिहिली, ‘कृपया लक्ष द्यावे.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. माझं काम झालं, असं मी धरून चालले.

मुदत संपल्यावर सातवीतल्या एका मुलीची आई कागद घेऊन आली. म्हटलं, आता उशीर झाला. त्यावर ती म्हणाली, “बाई, त्यात अवकाश हाय म्हणून लिवलं होतं की.” तिने शेजारच्या पोराकडून कागद वाचून घेतला होता. त्यात शब्द होते ‘अर्जी सल्लिसलु अवकाश’. कानडीत अवकाश म्हणजे संधी, आणि आपल्याकडे ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे अजून वेळ आहे. सगळ्या पानात तिला ओळखीचा वाटला तो एवढाच शब्द, आणि त्यानेच घात केला. चूक माझी होती. त्या वर्षी तिच्या मुलीचे पैसे गेले.

तेव्हापासून मी एक नियम पाळला आणि निवृत्त झाल्यावरही गावोगावच्या शाळा सुधारणा समित्यांना तोच सांगते. शाळेची बातमी सगळ्यांना द्यायची आणि ती कळली का हे विचारायचं. मुलाची गोष्ट मात्र एकाच घराला सांगायची, तीही तोंडाने. आपल्या शाळांत नेमकं उलटं चालतं. बातमी फलकावर चिकटून राहते आणि मुलाची गोष्ट गावभर होते. खालचं सगळं मुख्याध्यापकांसाठी, शिक्षकांसाठी, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा सुधारणा समितीच्या, सदस्यांसाठी आणि शेजारच्या चार घरांना फोन करायला तयार असलेल्या कुठल्याही आईसाठी आहे.

आधी वही करा

आपल्याकडे शाळा मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते. त्याच आठवड्यात शंभर पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला अर्धं पान. शाळेच्या दप्तरात नाव, जन्मतारीख, एसएटीएस नंबर (मुलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) असतोच, तो पुन्हा उतरवत बसू नका. या वहीत वेगळं लिहायचं: घरात फोन कुणाचा, तो माणूस घरी कधी असतो, कुठली लिपी वाचता येते, आणि फोन लागला नाही तर कुणाला सांगायचं.

‘फोन कुणाचा’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बऱ्याच घरांत स्मार्टफोन कॉलेजला जाणाऱ्या थोरल्याकडे असतो, आईकडे बटणांचा फोन, आणि बाप उद्यमबागच्या फाऊंड्रीत दुसऱ्या पाळीला. ग्रुपवर नंबर असतो बापाचा. तो रात्री अकराला सुटून मेसेज बघतो, सकाळी विसरतो. शाळेचं सगळं बघणारी आई त्या ग्रुपमध्ये नसतेच. वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्या बायका, निपाणीत विडी वळणाऱ्या बायका, यांचे हात दिवसभर मोकळे नसतात. त्यांना दुपारी बाराला मेसेज टाकून काय उपयोग? वहीत ‘संध्याकाळी सातनंतर’ असं एकदा लिहिलंत की वर्षभराचं काम झालं.

लिपीचा रकाना विचारताना जपून. ‘वाचता येतं का?’ असं तोंडावर विचारलं की बाई हो म्हणते आणि मान खाली घालते. ‘मेसेज टाकू की बोलून पाठवू, तुम्हाला काय सोपं पडेल?’ असं विचारा. उत्तर बरोबर मिळतं.

बातमी आपली आहे का, ते बघा

सीमाभागात ही पायरी सोडून चालत नाही. आपल्या घरांत टीव्ही मराठी चालतो आणि त्यावरच्या शाळेच्या बातम्या महाराष्ट्राच्या असतात. ‘दहावीचा निकाल उद्या’ अशी पट्टी आली की इथल्या आया हळद-कुंकू घेऊन देवळात. निकाल पुणे-कोल्हापूरचा, आपला नव्हे. आपली दहावी म्हणजे एसएसएलसी, ती कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यमापन मंडळाची. सुट्ट्यांचंही तेच. तिकडे मोठी सुट्टी दिवाळीची, इकडे दसऱ्याची, दिवाळीला मोजके दिवस. चंदगड-आजऱ्याच्या आज्ज्या दिवाळीला पंधरा दिवस नातवंडं मागतात आणि इथे हाजरी बुडते. म्हणून जूनमध्येच वर्षाच्या सुट्ट्यांचा एक कागद मराठीत करून प्रत्येक घरी द्या. भिंतीवर कालनिर्णयाशेजारी लागेल असा.

आपल्या आदेशाची वाट अशी: शिक्षण खातं, मग जिल्ह्याचे उपनिर्देशक ज्यांना सगळे डीडीपीआय म्हणतात, मग तालुक्याचे बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी, मग सीआरपी म्हणजे आसपासच्या शाळांचा गट बघणारे, आणि मग शाळा. बेळगाव महसुली जिल्हा एकच असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूर बेळगावात येतं, निपाणी-अथणी चिकोडीत. चिकोडी डीडीपीआयचं पत्र खानापूरच्या ग्रुपवर फिरलं की नुसता गोंधळ होतो. पत्र आलं की आधी वरची तीन ठिकाणं वाचा: कुणी काढलं, कुठल्या तालुक्याला, कुठल्या तारखेला.

पावसाळ्यात तर डोळ्यात तेल घालून. जुलैमध्ये कणकुंबी-जांबोटीकडे धो धो पाऊस लागतो, मलप्रभा फुगते. तिकडे चिकोडी-निपाणीत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा चढतात. जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, पण बहुतेक वेळा काही तालुक्यांपुरतीच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या वर्षीचा आदेश नव्या उत्साहाने फिरतो. मी एकदा बघितलंय, पोरं घरी बसली, शिक्षक शाळेत बसले, आणि आदेशावरची तारीख मागच्या वर्षीची. आदेशात आणखी एक बघायचं: अंगणवाडी, प्राथमिक, हायस्कूल, पीयू कॉलेज (अकरावी-बारावी), यांतलं नेमकं काय बंद आहे. एकाच घरातलं धाकटं सुट्टीवर आणि थोरलीला कॉलेज, असं होऊ शकतं.

गावात ठरवून टाका की सुट्टीची बातमी एकाच माणसाकडून येईल. ती व्यक्ती सीआरपी किंवा बीईओ कार्यालयाशी बोलूनच ‘आज शाळा नाही’ म्हणेल. बाकी कुणी म्हटलं तर ती अफवा.

मग मराठी करा, पण खिडकीवरचा शब्द ठेवा

परिपत्रकं कानडीत येतात, येणारच. राज्यघटनेच्या ३५०अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी असं म्हटलंय, पण त्यामुळे तुमच्या ग्रुपवर उद्या सकाळी मराठी नोटीस येणार नाही. ती मागणी वेगळी लावून धरा. तोवर भाषांतर आपल्यालाच करायचंय.

आपल्या शाळेत कानडी शिकवणारे गुरुजी असतात, त्यांची मदत घ्या. हायस्कूलची पोरंही चांगलं वाचतात. पण आकडे आणि तारखा मूळ कागदाशी स्वतः ताडून बघा. आणि पालकांना दहा-बारा कानडी शब्द तोंडपाठ करून द्या. रजे म्हणजे सुट्टी. कोनेय दिनांक म्हणजे शेवटची तारीख. कड्डाय म्हणजे सक्तीचं. पोषकर सभे म्हणजे पालकांची बैठक. फलितांश म्हणजे निकाल. मुंदूडलागिदे म्हणजे पुढे ढकललंय. रद्दु म्हणजे रद्द. आणि अवकाश म्हणजे संधी, वेळ नव्हे! हा शब्द मी फलकावर लाल खडूने लिहून ठेवत असे.

एक खुबी सांगते. काम काय करायचं ते मराठीत लिहा, पण कार्यालयाच्या खिडकीवर जो शब्द लागतो तो तसाच ठेवा. उत्पन्नाचा दाखला काढायला बाई नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या गावाजवळच्या कचेरीत, जाते तेव्हा तिथल्या पाटीवर ‘आदाय’ लिहिलेलं असतं. ‘उत्पन्नाचा दाखला, तिथे आदाय प्रमाणपत्र म्हणतात’ असं लिहिलंत की तिला दोन फेऱ्या पडत नाहीत.

माझा मेसेज शेवटी शेवटी असा झाला होता:

“नमस्कार. फक्त आठवीच्या पालकांसाठी. विद्यार्थिवेतनाचा अर्ज भरायचा आहे. पैसे मुलाच्या खात्यात येतात. लागणारे कागद: जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला (आदाय प्रमाणपत्र). दोन्हींवर आरडी लिहिलेला नंबर असतो, तो नीट दिसला पाहिजे. मुलाचं आधार कार्ड, आणि आधार जोडलेलं बँक पासबुक. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एकच आहे का बघा. शेवटची तारीख शनिवार २०. कागद बुधवारपर्यंत वर्गशिक्षिकेकडे द्या, दुपारी ३ नंतर. दाखला नसेल तर आजच सांगा, थांबू नका.”

आधी कुणासाठी, मग काय करायचं, मग कधीपर्यंत. ‘माननीय’, ‘सविनय’, ‘वरील विषयास अनुसरून’ काही नाही. शाळेची तारीख सरकारी तारखेच्या तीन-चार दिवस आधीची द्यायची, कारण सर्व्हर शेवटच्या दिवशी बसतो हे सगळ्यांना माहीत आहे. आठवीत असताना राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षाही असते. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी मिळतात. हे सांगायचं राहिलं तर चार वर्षांचं नुकसान होतं.

कुठल्या वाटेने पाठवायचं

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठेवा, पण त्यात फक्त शाळेलाच लिहिता येईल अशी सेटिंग करा. सुप्रभात, गणपतीचे फोटो, राजकारण यात नोटीस बुडते. सीमाप्रश्नावरची भांडणंही त्या ग्रुपवर नकोत, मतं काही असोत. लिहिलेल्या मेसेजखाली तोच मजकूर मराठीत बोलून टाका, एका मिनिटाच्या आत. आज्जीसुद्धा तो दोनदा ऐकते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी गल्लीगल्लीत एकेक आई नेमा. तिच्याकडे पाच-सहाच घरं द्या, वीस दिलीत की ती पुढच्या महिन्यात कंटाळते. स्त्रीशक्ती संघाची (बायकांच्या बचत गटाची) बैठक होते तिथेही दोन वाक्यं सांगता येतात. मारुतीच्या देवळाचा लाऊडस्पीकर लसीकरणासाठी, जंताच्या गोळीसाठी चांगला. पैशाच्या नि कुणाच्या नावाच्या गोष्टींसाठी कधीच नाही.

पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी वही उघडा आणि पाच घरांना फोन करा. ‘मेसेज मिळाला का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काय करायचंय आणि कधीपर्यंत, जरा सांगा बघू’ असं विचारा. पाचांतल्या तिघांनी चुकीचं सांगितलं तर मेसेज वाईट होता, पालक नव्हेत. पुन्हा लिहा. या फोनांना मला वीस मिनिटं लागत.

बैठकीचं थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या महिला. आपली एसडीएमसी तीच. बैठक भाताच्या रोप लावणीत ठेवू नका, गावच्या बाजारादिवशी ठेवू नका, आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरवून ‘बैठक झाली’ म्हणू नका. हा शेवटचा प्रकार किती चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मुलाची गोष्ट: इथे वाट उलटी होते

बातमी शाळेकडून घराकडे जाते. मूल कसं आहे हे मात्र दोन्हीकडून कळावं लागतं, आणि ते ग्रुपवर येत नाही. फी न दिलेल्यांची यादी, उवा झालेल्या मुलीचा फोटो, नापासांची नावं, ‘आज वर्गात रडला’ असलं काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. एका शाळेत ‘सतत गैरहजर’ म्हणून चार नावं ग्रुपवर पडली. त्यातली दोन पोरं पुढे शाळेतच येईनात.

आधी लक्ष कशावर ठेवायचं? हाजरीवर. महिन्याचा आकडा बघू नका, वार बघा. दर सोमवारी पोट दुखणारा मुलगा, दर शनिवारी गायब होणारी मुलगी, यांच्या मागे काहीतरी असतं. मग डबा आणि जेवण. दुपारच्या आहारासोबत अंडं मिळतं, अंडं न खाणाऱ्यांना केळं. चौथीतला एक मुलगा रोज केळं न खाता दप्तरात ठेवायचा. बाईंना आधी वाटलं, आवडत नसेल. एक दिवस दप्तर उघडलं तर केळं वहीच्या कागदात गुंडाळलेलं, न दबेल असं पट्टीच्या शेजारी लावून ठेवलेलं. घरी धाकटी बहीण होती आणि बापाचं काम दोन महिन्यांपासून बंद होतं. हे कुठल्याही फॉर्ममध्ये भरून आलं नसतं.

फोन करायची पद्धत आहे. शाळेतून भर दिवसा फोन आला की आईच्या पोटात गोळा येतो. म्हणून पहिलं वाक्य कायम एकच: “मावशी, शाळेतून बोलत्ये. बाळ बरा हाय, घाबरू नका.” मग जे दिसलं तेवढंच सांगायचं, निष्कर्ष नाही. ‘तुमच्या मुलाचं लक्ष नाही’ हा निष्कर्ष झाला. ‘दोन आठवडे झाले, मधल्या सुट्टीत तो एकटाच बसतोय’ हे दिसलेलं. मग विचारायचं, ‘घरी कसा आहे?’ आणि गप्प बसायचं. ती बोलायला वेळ घेते. मागे सासू असेल, बस असेल. ‘आता बोलता येत नसेल तर संध्याकाळी करू का?’ हेही विचारा. शेवटी एक काम ठरवा, एकच, आणि पुन्हा कधी बोलायचं तो वार. वहीत ‘गुरुवारी फोन’ एवढंच लिहा. कारण त्या वहीत लिहायचं नाही, वही चार हातांत फिरते.

चांगलं दिसलं की तेव्हाही फोन करा. शाळेचा फोन म्हणजे तक्रारच, हे एकदा मोडलं की पुढचे अवघड फोन सोपे जातात.

आपल्या भागात सातवी-आठवीचा सांधा वेगळा जपावा लागतो. बऱ्याच गावांत मराठी शाळा सातवीपर्यंत, मग हायस्कूल दुसऱ्या गावी, कधी कधी कानडी माध्यमाचं. सातवीपर्यंत वर्गात हात वर करणारी मुलगी आठवीत गप्प होते आणि घरी सांगते, डोकं दुखतंय. बापाला वाटतं, अभ्यास चुकवतेय. एप्रिलमध्येच या पालकांना एकत्र बसवा: कुठल्या हायस्कूलमध्ये मराठी माध्यम आहे, बस किती वाजता, परतीची शेवटची कुठली. मुलींना शक्ती योजनेत बस मोफत आहे, मुलग्यांना पास काढावा लागतो. आणि हेही सांगा की पहिले तीन महिने पोर गप्प राहील, चिडेल, त्यावर मार हा उपाय नव्हे. शाळेतही नव्हे, शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे.

एसएसएलसीच्या निकालाची तयारी निकालाच्या आधी करा. एकूण ६२५ गुण, त्यात पहिली भाषा मराठी घेतली तर ती १२५ची. आता वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात, एकीत राहिलं तर त्याच वर्षी पुढची देता येते. हे आईबापांना आणि मुलालाही निकालाच्या आदल्या आठवड्यात सांगा. ज्या दोन-तीन मुलांची धास्ती वाटते त्यांच्या घरी निकालाच्या दिवशी कुणीतरी जा. ते पोर एकटं राहणार नाही, एवढं बघा.

तब्येतीच्या मोहिमांची बातमी मात्र सगळ्यांना द्यायची, अफवेच्या आधी. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात, राष्ट्रीय दिवस दोन्ही महिन्यांची १० तारीख. थोडी मळमळ होऊ शकते, हे आदल्या दिवशी सांगितलं नाही तर दुपारी शाळेसमोर गर्दी जमते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं तेव्हा ज्या मुलाला पुढे पाठवायला सांगितलंय त्याच्या घरी चिठ्ठी नको, माणूस जाऊ दे. डोळ्याचा, कानाचा, हृदयाचा कागद दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडतो.

जिथे फोनने भागत नाही

काही गोष्टींत शाळेने आणि समितीने शहाणपण करू नये. मूल मार खातंय, लग्न ठरवलंय, कुणी अंगाला हात लावतंय, असं कळलं तर १०९८, मुलांची हेल्पलाईन, लावा. मोफत आहे, चोवीस तास. तातडीला ११२. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘गावात मिटवू’ म्हणणारा पुढारी कितीही मोठा असो. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, एकदा शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. नाव कुठेही बाहेर पडता कामा नये, त्यालाही कायदा आहे. आणि संशय घरातल्याच माणसावर असेल तर घरी आधी कळवायचं नाही, हे लक्षात ठेवा.

मन बसलंय, झोप नाही, जिवाचं काही बोलतंय, असं असेल तर १४४१६, टेलिमानस, मनाच्या तब्येतीची सरकारी हेल्पलाईन. भाषा निवडता येते, मराठीही आहे. पालकही तो लावू शकतात. नंबर नुसता फलकावर लिहू नका. पालकांच्या बैठकीत एकदा स्पीकरवर लावून दाखवा, पलीकडे खरंच माणूस बोलतो हे कानाने ऐकू दे.

मुलांनाही विचारा

शाळेत सूचनापेटी असते, किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि पेटीत चॉकलेटचे कागद असतात. किल्ली समितीतल्या एका आईकडे द्या, शिक्षक आणि ती मिळून दर पंधरा दिवसांनी उघडू देत. ग्रामपंचायत वर्षातून एकदा मक्कळ ग्राम सभा घेते, म्हणजे मुलांची ग्रामसभा. त्यात आपली मराठी शाळेची पोरं मागच्या रांगेत गप्प बसतात. आधी शाळेत सराव घ्या. शौचालयाला कडी नाही, बस थांबत नाही, एवढं एक वाक्य मुलीला मराठीत आणि कानडीत दोन्ही म्हणता आलं पाहिजे. ते लिहून घेतलं का, हे समितीने पुढच्या महिन्यात पंचायतीत जाऊन बघायचं आणि उत्तर मुलांना प्रार्थनेच्या वेळी सांगायचं, नाही म्हणाले असले तरी.

वही पुढच्याला द्या

बदली झाली, समिती बदलली की हे सगळं बसतं. मेमध्ये वही नव्या माणसाच्या हातात देताना दोघांनी मिळून दहा नंबर लावून बघा. चार तरी बदललेले निघतात. रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर थोरला फोन घेऊन पुण्याला गेलेला असतो. तिथे पेन्सिलने रेघ मारून शेजारी नवा नंबर लिहा. पेनाने नको, दिवाळीपर्यंत तोही बदलेल.